वेशीबाहेरचं मत

इंग्रजी कादंबरीविषयी मी काही लिहावं, हे धाडसच आहे. वाचकांनी आधीच क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बेडसे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. सुट्टीत घरी गेलो की आई एकच विचारायची, "तितं पुन्यात तुजं कुनी ऐकतं का रं?" मी विषय बदलायचो. वर्गात मी तोंडच उघडत नसे.

त्या वर्षी सर गेल्या शतकातली एक गाजलेली इंग्रजी कादंबरी शिकवत होते. तिच्या लेखकाची त्याच काळातल्या एका लेखिकेनं चारचौघांत स्तुती केली होती. मैत्रिणीला खाजगीत मात्र कळवलं होतं, की यातली पुरुषमाणसं जिवंत आहेत, बायका नुसत्या दिवाणखान्यात मांडलेल्या बाहुल्या. सर म्हणाले, "बाई दुतोंडी होती." सगळ्यांनी ते उतरवून घेतलं.

मला ते लिहवेना. उभा कसा राहिलो, अजून कळत नाही.

"सर, आमच्याकडे लग्नाचं जेवण कसं झालं, हे लग्नाच्या गावात असेपर्यंत कुणी बोलत नाही. आमटी खारट असली तरी झकास म्हणून हात धुवायचे. वेस ओलांडली की मग बायका मिठामसाल्यासकट सगळं बोलतात. त्यात खोटेपणा नसतो. ज्यानं खपून रांधलं त्याचा मान राहतो आणि खरं मतही राहतं. या बाईनं तेच केलं असेल."

वर्ग हसला. बाकावर माझ्या शेजारी बसणारा, तुंगार्लीत बंगला असलेल्या वकिलाचा मुलगा, ओरडला, "आचारी, आमटी वाढा!"

"खाली बसा," सर म्हणाले. "हा साहित्याचा तास आहे."

बसलो. कान तापले होते, पण मान खाली गेली नाही. आमच्या बायकांची रीत मी त्या खोलीत बोलून दाखवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत तोच बाकावरचा शेजारी आमच्या गावची लेणी पाहायला म्हणून घरी आला. आईनं भाकरी-कालवण वाढलं. "मावशी, फक्कड!" म्हणत त्यानं आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. आईनं संधी साधली. "आमचा बोलतो का रं तितं? कुनी ऐकतं का त्याचं?"

"ऐकतात की," तो ताटात बघत म्हणाला.

त्याला पोचवायला निघालो. वेस ओलांडली तसा तो थांबला.

"आता बोलू का? कालवण जाळ होतं रे. डोळ्यांतून पाणी काढलं मावशीनं."

"बोल की. वेस गेली मागं."

"मग आणखी एक ऐक. सर सुट्टीत आमच्या तुंगार्लीच्या बंगल्यावर उतरलेत. काल चहा घेताना वडिलांना सांगत होते, 'वर्गात मी त्याला खाली बसवला. पण त्या बाईला ओळखलं ते त्या मावळातल्या मुलानंच. पुढच्या वर्षापासून मी तसंच शिकवणार आहे.'"