सतरा घरं गप्प

माझ्या बाबांना मोजता येत नव्हतं. हे मी नाही म्हणत, अख्खं शहर म्हणायचं. अख्खं म्हणजे, वाद्यवृंद ऐकायला जाणारे जे काही चार-पाचशे लोक होते ते. त्यातल्या निम्म्यांना बाबांचं खरं नाव सांगता आलं नसतं, पण ‘तीनकमी’ म्हटलं की लगेच, “अच्छा, ते होय!” म्हणून हसायचे. मीसुद्धा हसले आहे. त्याचं पुढे सांगते.

बाबांचा पोटापाण्याचा धंदा पियानो सुरात जुळवण्याचा. चामड्याची पिशवी खांद्याला अडकवून लोकांच्या दिवाणखान्यात जायचं आणि दोन-दोन तास एकच पट्टी ठोकत बसायचं. आमच्या घरात मात्र पियानो नव्हता. दोन खोल्या, त्यात तो आणला तर तिघांपैकी एकाला बाहेर काढावं लागेल, असं आई म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, “मग मीच जातो, तो माझ्यापेक्षा बरा वाजतो.” ते संगीत लिहायचे ते सकाळी, कामावर निघायच्या आधी, जेवणाच्या टेबलावर. ओठ मिटून नाकातल्या नाकात गुणगुणायचे. मला त्या आवाजाने जाग यायची आणि माझं डोकं फिरायचं.

आयुष्यभराची कामगिरी विचाराल तर अकरा गाणी. चार वाद्यांसाठी एक रचना, जिचा शेवट त्यांना स्वतःलाच कधी पटला नाही. शाळेच्या कवायतीसाठी एक चाल, जी शाळेने आभारासह परत पाठवली. आणि सिंफनी. साठ-पासष्ट वादकांनी मिळून वाजवायची, बावीस मिनिटांची. मी सात वर्षांची असताना त्यांनी ती लिहायला घेतली, आणि संपली तेव्हा माझं अकरावं सरत आलं होतं. वाद्यवृंदाने ती वाजवायचं कबूल केलं त्या दिवशी बाबा जिन्यावरूनच ओरडत आले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, कुठे आग लागली.

आता आईचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आई त्याच वाद्यवृंदाच्या कचेरीत नकला उतरवायची. संगीतकार लिहितो ते मोठमोठ्या पानांवर, सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक; ती मूळ प्रत. पण वादकाला हवी असते फक्त स्वतःची ओळ. ती वेगळी काढून, सुबक अक्षरात लिहून त्याच्या पुढ्यात ठेवायची, हे आईचं काम. ओळीला उभ्या रेघा मारून ताल मोजायचे चौकोन पाडलेले असतात, त्यांना आई ‘घर’ म्हणायची. एखाद्या वाद्याला बराच वेळ काही काम नसलं की तेवढी रिकामी घरं मोजायची आणि वादकाच्या कागदावर नुसता आकडा टाकायचा. सतरा घरं गप्प बस आणि अठराव्याला वाजव, असा त्याचा अर्थ.

यात एक खोच आहे. जे वाद्य एखाद्या पानावर वाजतच नाही, त्याची ओळ त्या पानावर लिहायचीच नाही, कागद वाचतो, अशी संगीतकारांची रीत. बाबा तर कागदाच्या बाबतीत पक्के चिक्कू. मग नक्कल करणाऱ्याने त्या पानाची घरं शेजारच्या ओळीवरून मोजून धरायची. ओळ नाही म्हणून पानच ओलांडलं तर मोजणी चुकते. हे आईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

कचेरीचे प्रमुख होते, त्यांना आम्ही भिंगवाले म्हणायचो, कारण ते प्रत्येक नक्कल भिंगाखाली धरायचे. त्यांचा नियम असा, की एका माणसाच्या दोन चुका मंचावर गेल्या की त्या माणसाला नारळ. आईची एक चूक मी तान्ही असताना झालेली होती. आणि आमचं घर चालत होतं ते आईच्या पगारावर. बाबांचे पियानो वर्षातले चार महिने आपोआप जुळलेले असायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आईच्या शेजारी बसले होते. तालमीला बाबांच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटं आली होती. नवीन माणसाला कोण जास्त देतो! तिसरा भाग संथ आहे, सोपा आहे, म्हणून संचालकांनी, म्हणजे समोर उभं राहून काठीने ताल देणाऱ्यांनी, तो वाजवून न घेता नुसती पानं उलटली होती. त्याच तिसऱ्या भागात चेलोवाले, म्हणजे ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन वाजवणारे, खालचा एकच स्वर ओढत राहतात, सतरा घरं, आणि मग अठराव्याला एकटा हॉर्न उठतो. हॉर्न म्हणजे मोटारीचा नव्हे, पितळेचा, गोल वळलेला. बाबा म्हणायचे, ही सबंध सिंफनी मी त्या एका जागेसाठी लिहिली.

हॉर्न तीन घरं आधी उठला. मला संगीतातलं फार कळत नव्हतं, पण कुणीतरी भर सभेत भलत्याच माणसाला हाक मारावी तसं झालं. हॉर्नवाला दचकून थांबला. त्याच्या पाठोपाठ येणारे काहीजण आले, काही आले नाहीत, आणि बघता बघता सगळ्याचा विचका झाला. संचालकांनी काठी टेबलावर आपटून सगळ्यांना थांबवलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू पुढे पुढे येत गेलं. आई समोर बघत होती, पापणीसुद्धा हलवत नव्हती.

पुन्हा सुरुवातीपासून वाजवलंच नाही. भिंगवाल्यांनी फर्मावलं, परवा सकाळी मूळ प्रत आणि हॉर्नचा कागद माझ्या टेबलावर हवा, चूक कुणाची ते ठरू दे. मूळ प्रत एकच, ती बाबा घरी घेऊन आले होते.

त्या परवाच्या सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “चूक माझी आहे. नक्कल बरोबर आहे, मीच मोजायला चुकलो.” भिंगवाल्यांनी भिंग लावून पाहिलं. मूळ प्रतीत हॉर्न चौदा घरांनंतरच उठत होता, हॉर्नच्या कागदावरही चौदाच. संचालकांना वाटत होतं, आपल्या पानावर हॉर्न थोडा नंतर होता, पण पान तर समोर होतं. दोष आपल्यावर येत नाही म्हटल्यावर त्यांनीही विषय सोडला. पेपरात दोन ओळी आल्या, की या संगीतकाराने आधी अंकगणिताची शिकवणी लावावी. त्याच आठवड्यात ‘तीनकमी’ हे नाव पडलं.

बाबांनी त्यानंतर एकही ओळ लिहिली नाही. दुसऱ्या सिंफनीची सहा पानं झाली होती, ती फडताळाच्या तळाला कागद म्हणून अंथरली गेली. सकाळचं गुणगुणणं बंद पडलं. मला काय, मी खूश! आता शाळेच्या वेळेपर्यंत झोपायला मिळायचं.

आईने मात्र त्यांना सुखाने बसू दिलं नाही. बाजारात निघाले की, “सहा अंडी आणा, मोजता येत नसतील तर दुकानदाराला सांगा.” पाहुण्यांसमोर, “यांना पानं वाढायला सांगू नका, तिघं उपाशी राहतील.” बाबा हसायचे. खरंच हसायचे, मान खाली घालून. मला ते बघून चीड यायची, आणि ती चीड आईवर नाही, त्यांच्यावरच यायची. अरे, माणसाने निदान चिडावं तरी! सोळाव्या वर्षी, शाळेत संगीताच्या बाईंनी वर्गासमोर त्या पेपरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या, त्या संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, “तुमचं नाव लावायची लाज वाटते मला.” ते म्हणाले, “हं. वाटणारच.” आणि पिशवीतली तारा पिळायची किल्ली पुसत बसले.

एकतीस वर्षं ते लोकांचे पियानो जुळवत राहिले. शेवटी दवाखान्यात होते तेव्हा गोळ्यांची डबी माझ्या हातात देत म्हणाले, “बघ गं, सकाळच्या घेतल्यात का मी?” मी म्हणाले, “बाबा, तुम्ही नका मोजू, तुमचं मोजणं सगळ्या गावाला माहीत आहे.” परिचारिकेला कळलं नाही मी का हसतेय ते. चार दिवसांनी बाबा गेले.

गेल्या महिन्यात वाद्यवृंद बंद झाला. वर्षानुवर्षं रडतखडत चालला होता. कचेरी रिकामी करणाऱ्या माणसाचा फोन आला, “तुमच्या वडलांचं एक खोकं आहे. नेताय, की रद्दीत देऊ?” मी दातांच्या कवळ्या बनवते, कामावर पाठ दुखेपर्यंत वाकून बसते. म्हटलं, आता हे ओझं कशाला? पण आई म्हणाली, घेऊन ये. आई आता एक्याऐंशीची आहे. नजर शाबूत आहे, पाय नाहीत.

खोकं मी माझ्या कामाच्या टेबलावर उघडलं. वर मूळ प्रत. चाळता चाळता दिसलं, तिसऱ्या भागातली दोन पानं बाकीच्यांपेक्षा पांढरी आहेत. शाई वेगळी. आणि त्यातल्या पहिल्या पानावर फक्त तीन घरं, पण वाद्यांच्या सगळ्याच्या सगळ्या ओळी. हॉर्न तिथेच उठतो. मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण त्याच्या आधीच्या पानांवर बाबांनी कागदाचा इंच न् इंच वाचवलेला. मग मी चेलोचा कागद काढला. तो एकच स्वर सतरा घरं ओढायचा, वादक कंटाळून मोजणी विसरू नये म्हणून आई अशा ठिकाणी वर बारीक अक्षरात खूण लिहायची. लिहिलं होतं, ‘इथे हॉर्न’. अक्षर आईचं. मी बोटाने घरं मोजली. परत मोजली. खूण अठराव्या घरावर होती.

म्हणजे आईने नकला उतरवल्या तेव्हा मूळ प्रतीत हॉर्न अठराव्या घरातच उठत होता. चेलोची ओळ सगळ्या पानांवर होती, तिथे आईचं चुकलं नाही. हॉर्नची ओळ त्या तीन घरांच्या पानावर नव्हती, आणि आईने ते पान ओलांडलं. बाबा बरोबर होते. मधल्या एका दिवसात, आई कामावर गेली असताना, त्यांनी दोन पानं नव्याने लिहिली आणि जिच्यासाठी सिंफनी लिहिली ती जागा स्वतःच्या हाताने चुकीची केली.

मी पानं परत खोक्यात रचली. मग मनाशी ठरवलं, आईला हे कळू द्यायचं नाही. म्हातारी हाय खाऊन मरेल.

घरी गेले. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. मी खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि म्हटलं, “सगळं ठीक आहे. नीट बांधलेलं आहे.”

“चेलोचा कागद बघितलास?” आई म्हणाली.

मी खोक्याची दोरी उगाच घट्ट केली.

“बघितलास तर. तोंडावर दिसतंय तुझ्या.”

“तुला माहीत होतं?”

“कार्यक्रम झाल्यावर कागद गोळा मीच केले. चेलोचा हातात आला तेव्हाच कळलं.” आई खिडकीबाहेरच बघत होती. “दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती भिंगवाल्यांना सांगायचं ठरवूनच. दिवसभर जमलं नाही. घरी आले तर टेबलावर नवीन शाईची दौत. यांनी काय केलंय ते कळलं. उद्या सकाळी सांगेन म्हटलं, तर सकाळी हे माझ्या आधी बोलून मोकळे झाले.”

“मग नंतर का नाही सांगितलंस?”

“आधी नोकरीची भीती. मग लाज. मग काय, वर्षं गेली.”

माझा तोल सुटला. “आणि टोमणे? आई, अंडी मोजून आणा, पानं मोजून वाढा, हे जन्मभर तू त्यांना बोललीस! माहीत असून?”

“बोलले नसते तर त्यांना कळलं असतं, मला माहीत आहे ते.” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी. ते फुकट गेलं असतं. मला वाटायचं, मी बोलते तोवर त्यांना वाटतंय की हिला काही माहीत नाही. तेही हसायचे ना. मला तर कधी कधी वाटायचं, त्यांना ठाऊक आहे. दोघं मिळून नाटक करतोय आपण.”

“आणि लिहिणं सोडलं त्यांनी, ते?”

आईने मान खाली घातली. ती रडली नाही, आणि मला तिची कीव येत होती आणि तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. वाद्यवृंद उरला नव्हता. आता ती जागा बरोबर करून दिली असती तरी ती वाजवणार कोण? मी तिच्यापुढे खाली बसले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तू नको मनाला लावून घेऊस. तुझा काय दोष?”

“आई,” मी म्हटलं, “तुम्ही दोघं नाटक करत होतात. मी खरंच बोलत होते.”