मावळतीनंतरची वाटी

स्पिरिटचा वास आला की मला निपाणीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचं, मांजर वाळत चाललं होतं. सारखं पाणी पीत होतं आणि ते मुतेल तिथं मुंग्या लागत होत्या. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, इन्सुलिनची कुपी दिली आणि मला बजावलं की सुई टोचली की लगेच खायला घाला, नाहीतर दगावेल. परतीची मोटार उशिरा पोचली. मी स्पिरिटनं पुसलेली सुई टोचून दुधाची वाटी पुढे केली, तर आक्कानं ती उचलून फळीवर ठेवली. दिवस मावळला होता आणि आमच्या जैन घरात मावळतीनंतर कुणी खात नसे. "सकाळी घालूया रं. ह्या घरातलं मांजर हाय ते." "आक्का, हे इन्सुलिन गुरांच्या अवयवातनं काढत्यात, ते चालतंय आणि दूध चालत न्हाय?" "औषध जिवासाठी, दूध जिभेसाठी." "मांजरानं कधी व्रत घेतलं गं?" "तुझ्या पत्रकांनी तरी कुणाचं पोट भरलंय?" मी पेटलो. मी गावात वाटत असे त्या सुधारकी पत्रकांतली रूढींवरची वाक्यं धडाधड म्हणत सुटलो. तासाभरानं अंगातली साखर उतरून मांजराचे पाय लटपटले आणि ते आडवं झालं. तेव्हाही मी "बघ, सांगत होतो!" एवढंच ओरडलो. काकवीत बोट बुडवून त्याच्या हिरड्यांना चोळलं ते आक्कानंच. मांजर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं प्रायश्चित्ताचा उपास धरला. त्या वादात माझीच बाजू खरी होती, हे मी आजही सांगेन. पण वाटी हाताच्या अंतरावर असताना मी तासभर नुसता बोलत राहिलो, याची चीड अजून आवरत नाही.