चार दाती

मॅक्रो पहिल्यांदा अडला तो नेमका आमच्याच वाडीच्या मेंढ्यांवर. पडद्यावर ‘टाइप मिसमॅच’ आणि मागे मॅक्रोतली अडलेली ओळ पिवळी झालेली. कळमनुरीत एका संस्थेच्या ऑफिसात मी कंत्राटी ऑपरेटर. मेंढ्यांच्या लसीकरणाची यादी मॅक्रोतून, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅममधून, काढायची हे माझं काम. यादीत नाही त्या मेंढीला लस नाही. गेल्या साली लसीवाचून आमच्या वाडीतल्या किती मेंढ्या गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

वयाच्या रकान्यात मॅक्रोला महिन्यांचा आकडा हवा होता आणि तिथे लिहिलं होतं ‘चार दाती’. लिहिणारी मीच. धनगराच्या घरात वाढलेल्या कुणीही हेच लिहिलं असतं. आमच्याकडे मेंढीचं वय दातांवर मोजतात. आकड्यासाठी राखलेल्या जागेत शब्द बसेना, एवढंच झालं होतं.

मॅक्रो लिहिणाऱ्या शहरातल्या साहेबांना फोन केला.

“मॅडम, तुमचा डेटाच चुकीचा आहे,” ते म्हणाले. “वर एक ओळ टाका, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. चूक आली तरी गुपचूप पुढे जाईल.”

नाचता येईना, अंगण वाकडं!

तरी फाइलच्या कॉपीवर ती ओळ टाकून पाहिली. मॅक्रो खरंच गुपचूप पुढे गेला. जिथे वय वाचता आलं नाही, तिथे त्यानं वरच्या ओळीतलं वय तसंच धरलं. वर होतं दोन महिन्यांचं कोकरू. आमच्या साऱ्या मेंढ्या एका दमात दोन महिन्यांच्या झाल्या आणि लहान म्हणून यादीतून गळाल्या. एरर मात्र कुठेच नाही! माझा संताप संताप झाला. आम्हाला असं गुपचूप वगळणारे मी काय कमी पाहिलेत? ती ओळ खोडून टाकली.

मग आबांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. मेंढ्यांचं महिन्यांतलं वय विचारलं.

“काहून? मेंढराचा जलमदाखला काढून राहिली का तू? तोंड उघडायचं, दात मोजायचे.”

“व्हय, पर चार दाती म्हंजी किती महिने?”

आबा सांगत गेले, मी दुसऱ्या शीटवर लिहीत गेले. एका बाजूला दात, दुसऱ्या बाजूला अंदाजे महिने. मग मॅक्रो बदलला. वय आधी शब्द म्हणून वाच. आकडा असेल तर घे, नसेल तर दातांच्या शीटवर शोध. तिथेही सापडलं नाही तर थांब आणि मला सांग. गप बसायचं नाही.

“असं ऑफिशियल नसतं, मॅडम,” बदल कळवायला फोन केला तेव्हा साहेब म्हणाले.

“मग करा ऑफिशियल,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

लसीकरणाच्या शिबिराच्या सकाळी आबा पहिली मेंढी घेऊन टेबलापाशी आले. डॉक्टरांनी विचारलं, “वय?”

आबांनी मेंढीचं तोंड उघडलं. मी यादीतून मोठ्यानं वाचलं, “चार दाती.”

आबांनी वाकून दात मोजले.

“बराबर,” ते म्हणाले. डॉक्टरांनी सुई भरली.