मराठीच्या टेबलाचा पाय

आमच्या मंडळाने बसवनगुडीतल्या एका शाळेच्या सभागृहात जुन्या पुस्तकांची विक्री ठेवली होती. मिळकत एका अनाथाश्रमाच्या वाचनालयाला जाणार होती. हेतू चांगला असला की भाषणांना हरकत घेता येत नाही, त्यामुळे ती भरपूर झाली. परमुलखात मराठीची ज्योत तेवत ठेवल्याबद्दल अध्यक्षांनी आम्हा स्वयंसेवकांचे आभार मानले. ज्योत म्हणजे मी. पुण्याहून आलेला, महादेवपुऱ्यात नोकरी करणारा, आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडं व ‘सरी’ म्हणजे बरं, या दोन कन्नड शब्दांवर कितीतरी वर्षं निभावून नेलेला.

मराठीचं टेबल माझ्याकडे होतं. गठ्ठे सोडताना माझा नियम सोपा होता: देवनागरी दिसली की माझं, गोल अक्षरं दिसली की पलीकडच्या कन्नड टेबलाचं. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. वर कादंबऱ्या रचल्या की ते डुगडुगायचं. एका गठ्ठ्यात पिवळ्या कव्हरचं, दोऱ्याने शिवलेलं पातळ कन्नड पुस्तक निघालं. हे कोण घेणार, असं म्हणून मी त्याची घडी घातली आणि पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. आपण फार व्यवहारी आहोत असं मला वाटलं.

दुपारी एक वयस्कर बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी.

“मराठी पुस्तक बघायचं होतं की हो.”

“हे सगळं मराठीच आहे, आजी.”

“आजी रविवारपासून म्हणा. नातीचं बारसं आहे. तोवर अक्का चालेल.”

त्या एकही पुस्तक उघडत नव्हत्या, नुसती कव्हरं बघत होत्या. मग त्यांनी सांगितलं. मुलाने बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर जाताना कपाट रिकामं करून सगळं इथे देऊन टाकलं, त्यात सासूबाईंचं पाळण्यांचं पुस्तक गेलं. घरातल्या सगळ्या मुलींची नावं त्यातला एकच पाळणा म्हणून ठेवलेली. “सुरुवात येते मला, शेवट येतो. मधलं कडवं आठवतच नाही बघा. आता ते म्हणणारं माझ्याशिवाय कुणी नाही.”

मी तत्परतेने पाळण्यांचा एक छापील संग्रह पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि परत दिला.

“ही अक्षरं मला येत नाहीत.”

मला हसू आलं. मराठी पुस्तक हवं आणि मराठी वाचता येत नाही! शेजारच्या स्वयंसेविकेकडे मी एक नजरही टाकली, म्हणजे ही गंमत तिच्या हातून सुटू नये.

“मग मराठी पुस्तकाचं काय करणार, अक्का?”

“वाचणार. आमचं मराठी कन्नड अक्षरांत असतं. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच शाळेत गेलो, दुसरी अक्षरं कोण शिकवणार? पिवळं आहे हो ते. दोऱ्याने शिवलेलं.”

मी खाली पाहिलं नाही. पाहायचं नाही याची काळजी घेतली. ‘शोधून ठेवतो, उद्या या’ हे वाक्य तोंडात तयार होतं. मग मी पेन पाडलं, ते उचलायला वाकलो आणि पुस्तक ओढलं. टेबल कलंडलं. कादंबऱ्या घसरून त्यांच्या पायांवर आल्या, आणि मी गुडघ्यांवर, हातात मधोमध दुमडलेलं पुस्तक. कव्हरवर लोखंडी पायाचा गोल खड्डा पडला होता.

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “मराठीच्याच उपयोगी पडलं.”

“सॉरी, अक्का. मला वाटलं, कन्नड आहे.”

“कन्नड असतं तर चाललं असतं होय?”

कन्नड टेबलावरच्या बाईंनी मान वर केली.

“सरी,” मी म्हणालो. दोनच तर शब्द येत होते.

अक्का खुर्चीवर बसल्या. पुस्तक मांडीवर ठेवून तळव्याने घडी मोडत राहिल्या, पानं उलटली आणि मधलं कडवं हलक्या आवाजात म्हणू लागल्या. शब्द न् शब्द मला कळत होता. पान समोर धरलं असतं तर एक अक्षर लागलं नसतं.

जाताना त्यांनी पत्ता सांगितला, तिथेच, दोन गल्ल्या सोडून. “रविवारी या. आमचा पाळणाही डुगडुगतो. धरायला माणूस लागेल.”

“येतो,” मी म्हणालो.

मग मी गुडघ्याने टेबल रेटून उभा राहिलो. अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन आले. “असे वाकडे का उभे? खाली काहीतरी घाला की,” म्हणत त्यांनी रद्दीतलं एक पुस्तक उचललं. कुठल्या भाषेतलं ते मी पाहिलं नाही. नको म्हणालो.

तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, मराठीचे आधारस्तंभ. मी त्यात कमरेत वाकलेला दिसतो. पुष्कळ जणांनी अंगठे दाखवले.

रविवारी मी घरीच होतो.