बिबट्याच्या जागी
शिलाई मशीनमध्ये तेल घातलं की त्या वासाने मला मसाटच्या कारखान्यातलं सुताचं गोदाम आठवतं. दुपारी रखवालदार आत न डोकावताच दार लावून त्यावर लाखेचं सील करायचा, आणि मोठे साहेब वापीहून येईपर्यंत ते कुणी तोडायचं नाही असा नियम होता. एकदा मी आणि धुळ्याचा फिटर आत असतानाच सील लागलं. आम्ही दार बडवलं, तर बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "बैठो साब, बडे साब आयेंगे तब खुलेगा." पत्रा तापला होता, शर्ट अंगाला चिकटले होते. खोक्यांवर एक घूस येऊन आमच्याकडे बघत बसली. फिटर म्हणाला, "इथला वाघ गेला साहेब, बिबट्याही जाईल. मग लाखो वर्षांनी हिचीच जात बिबट्याएवढी होईल, अन् त्याच्या जागी रानात शिकार करेल." मी विचारलं, "आणि आपण?" "आपण असेच. सील कोण तोडतं याची वाट बघत." तेवढ्यात घूस भिंतीतल्या भोकातून आरामात निघून गेली. मी नाशिकहून दोनच वर्षांसाठी आलो होतो. निवृत्त झालो तरी अजून इथेच, कारखान्याजवळच्या टोकरखाड्यात राहतो, आणि घूस दिसली की आधी तिचं भोक शोधतो.