आईचा कोरस आणि माझा नवा डॅक

मंडळी, आज डॅक लावून पहिल्यांदा गाणी ऐकली. मोबाईल आणि हेडफोनच्या मधे लावायची, आवाज स्वच्छ करणारी ही बोटाएवढी डबी. खरं तर उमरेडला निघालो होतो, पण बस गेली तर गेली.

माझं पहिलं मत ठाम आहे. बास काही वाढत नाही, पण प्रत्येक आवाज आपापल्या जागी सुटा ऐकू येतो.

मग वस्तीतल्या भीमगीत मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मुख्य गायक माझा मामा. आई म्हणते, कोरसमध्ये मीही होते. मामा दर वेळी चिडवतो, "तू कुठं होती वं? तू तर चहा करून राहिली होती!"

आज त्या कोरसमध्ये एक बाई स्पष्ट ऐकू आली. प्रत्येक ओळ ती सगळ्यांच्या जराशी आधी उचलते. घरी गातानाही आईला असाच दम निघत नाही!

हेडफोन आईच्या कानावर ठेवला. ती ऐकत राहिली, मग हसली.

"लाव तुह्या मामाले फोन. चुकली असन, पण होती ना मी तिथं!"

तुमच्या घरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा आवाज दबून राहिलाय?