सायकलीची वाट आणि भिवाची बाजरी

सायकलीला वेगळी वाट हवी, हा विचार आमच्या नारायणगावात सर्वांत आधी माझ्या डोक्यात आला. त्या काळी गावात सायकल एकच होती आणि ती माझीच होती, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती.

रस्ता होता, पण तो बैलगाड्यांच्या मालकीचा. बाजाराच्या दिवशी दोन्ही कडांच्या गवतावर गाड्या सुटत. बैल गवत खात, मालक गाडीखाली घोरत, आणि गाडीचं जू अशा बेताने रस्त्यात आलेलं असे, की सायकलवाल्याचं नाक नेमकं तिथेच पोचावं. गाडी मागे घ्या म्हटलं, की गवत सरकारचं आहे असं उत्तर मिळे.

म्हणून मी ओढ्यापासून आमच्या धान्याच्या दुकानापर्यंत कडेचं गवत काढलं, मुरूम टाकला, पाणी मारलं आणि माणसं लावून ठोकून धुमसून घेतलं. दुकानाच्या अलीकडे एक चांगलं ऐसपैस गोल मैदानच केलं. (मला सायकल चालवता येत असे. वळायला मात्र मैदान लागे आणि थांबायला दुकानाचा खांब!) माझे वडील बापूजी ते सगळं पाहून आत दुकानात निघून गेले.

हा खटाटोप जमनेसाठी होता. जुन्नरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची ही मुलगी मी एका लग्नात पाहिली होती आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. तिचे वडील बाजाराच्या दिवशी मुलगा बघायला येणार होते. घोडनदीचं एक स्थळही त्यांच्या मनात होतं, असं कानावर आलं होतं. त्या घोडनदीवाल्याकडे सायकल नव्हती. मी ओढ्यापासून डौलात येऊन सासऱ्यांसमोर उतरायचं, एवढंच बाकी होतं.

फेटा बांधून निघालो. मैदानात शिरलो आणि पाहतो तो काय, तिथे बाजरीची कणसं पसरलेली, मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला, आणि तोंडाला मुसकी बांधलेले दोन बैल त्याच्याभोवती फिरताहेत! आमच्या दुकानामागे भिवाचं शेत होतं. शेठच्या पोरानं गावासाठी खळं करून दिलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. (शहाणा माणूस दुसऱ्या कशासाठी जमीन धुमसतो?) बैलांनी जन्मात सायकल पाहिली नव्हती. ते दावं तोडून शेतात पळाले आणि त्यांच्या जागी मी फिरू लागलो.

बाहेर पडायला वाट नव्हती. मैदानाभोवतीच्या गवतावर चाकाला चाक लावून गाड्या सुटलेल्या. मी आलो आणि बैल पळाले तेवढी एकच फट मोकळी होती. तेवढ्यात एक छपराची गाडी आली, गाडीवानाने सावली पाहिली आणि नेमकी त्या फटीतच बैल सोडले. आतून जमनेचे वडील उतरले.

मी एका हाताने नमस्कार केला आणि दुसऱ्या फेरीला लागलो.

भिवा बैलांमागे जायचं सोडून माझ्या चाकापुढे कणसं टाकू लागला. "शेठ, थांबू नगा. लई झ्याक दाणं सुटत्यात."

मलाही थांबता येत नव्हतं. शेवटी दुकानाचा खांब समजून मी तिवड्याला मिठी मारली. तिवडा उपटून माझ्याबरोबर आला आणि आम्ही दोघे भुसा माखून होणाऱ्या सासऱ्यांच्या पायांशी आडवे झालो. जमना आता घोडनदीला जाणार, या विचाराने मला खरोखर रडू आलं.

सासऱ्यांनी वाकून, मला ओलांडून, मूठभर बाजरी उचलली. फुंकर मारली. दाणे निरखून पाहिले. मग दुकानातून बाहेर आलेल्या बापूजींकडे वळले.

"पोरगा पडंस्तोवर फिरला, पण मळणी अर्धी टाकली न्हाई. आमची जमना दिली."

लग्न झालं. त्या वाटेवर अजून गावाची बाजरी मळली जाते, सायकल माळ्यावर गंजते आहे, आणि मी जमनेभोवती फिरतो आहे. फरक एवढाच, की त्या दिवशी माझ्या तोंडाला मुसकं नव्हतं!